सोमवारचं माप

खडकवाडीची महादेवी गुरव सोमवारी बोलत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दिवस उगवल्यापासून देवापुढं सांजवात लागेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. खाणाखुणा नाहीत, पाटीवर लिहून दाखवणं नाही. हातानं बोललं तरी ते बोलणंच, असं तिची सासू सांगून गेली होती आणि महादेवीनं ते शब्दाला शब्द पाळलं होतं. सोमवारी दारात येणारा भाजीवाला स्वतःच भाव सांगायचा, तिचा चेहरा बघून स्वतःच कमी करायचा आणि मेथीची जुडी उंबऱ्यावर ठेवून पुढं जायचा. इतर सहा दिवशीही तिचा आवाज असा, की चुलीपाशी बोललेलं ओसरीवर जाऊ नये. तेव्हा बाईला राग येत नाही, असा गावानं समज करून घेतला होता. घरच्यांनी तर फारच.

गुरवांची घरं दोन. थोरले गोरोबा, महादेवीचे मालक, आणि धाकटा कोंडीराम. गावामागच्या डोंगरावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या पूजेची पाळी दोन्ही घरांत सहा-सहा महिने वाटलेली. कोंडीरामानं आपली पाळी नऊ वर्षांपूर्वीच थोरल्या घराच्या गळ्यात घातली. "देव काय पळून चाललाय का वैनी? आज म्या न्हाय, उद्या म्या हायच की," म्हणाला आणि तो उद्या काही उगवला नाही. चार वर्षांपूर्वी गोरोबा देवळाच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि डोंगर त्यांना कायमचा बंद झाला. ते घरी बसून बेल निवडायचे, वाती वळायचे. बाराही महिने डोंगर चढायचा तो महादेवीनं.

तीन किलोमीटरचा चढ. पहाटे पाचला पाण्याची घागर डोक्यावर घेऊन वर, संध्याकाळी दिवा लावायला पुन्हा वर. होळी झाली की वरचं टाकं आटतं, मग सकाळच्या दोन खेपा. आणि देवाला न्हाऊ घातल्याशिवाय हिच्या जिभेला पाण्याचा थेंब नाही. बाई गाभाऱ्यात जाते म्हणून पहिल्या वर्षी चार लोक कुजबुजले. पण त्या चौघांतला एकही पहाटे पाचला घागर उचलायला आला नाही, म्हणून ती कुजबुज आपोआप विरली.

गेल्या वैशाखात गावचाच, पण पुण्यात कारखाना काढून बसलेला विरुपाक्षशेठ दर्शनाला आला. निम्म्या चढावर धापा टाकत दगडावर बसला. महादेवी घागर घेऊन त्याच्यासमोरून गेली, खाली आली, दुसरी घागर घेऊन पुन्हा गेली, तरी शेठ तिथंच. त्याला काय वाटलं कोण जाणे. डोंगर वनखात्याचा, फाटकाच्या आत मोटारसायकलला मनाई. त्यानं यात्रा कमिटीचे अध्यक्ष कृष्णराज यांना पुण्याहून फोन केला: देवाच्या सेवेला डोंगरात चालणारी बॅटरीची सायकल माझ्याकडून. धाराशिवात दुकान आहे, पसंत करा, घेऊन या, आणि त्या माउलीचा गाडीबरोबरचा फोटो मला पाठवा.

महादेवीला हे कळलं त्या दिवशी तिला देवळात आरती नीट म्हणता आली नाही. मधल्या ओळी सुटत होत्या. लहानपणी तेरला माहेरी ती भावाच्या सायकलवरून नदीपर्यंत जायची, हँडल सोडूनसुद्धा. पंचवीस वर्षांत ते कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

"सोमवारी टेम्पो मोकळा हाय," कोंडीराम सांगून गेला. "म्या येतो, कृष्णराजदादा हायत, आमचा उत्कर्ष येतोय. त्याला गाड्यातलं कळतं. वैनी, तुमी पण चला."

सोमवार म्हटल्यावर ती क्षणभर थांबली. मग वाटलं, टेम्पो आपल्या सोयीनं थोडाच मोकळा होणार. रविवारी रात्रीच्या जेवणाला तिनं गोरोबांना सगळं नीट समजावलं. "अवो, भावजींना सांगून ठिवा. मागं कॅरिअर पायजे, पाण्याचे दोन कॅन बसतील असं. दांडा खाली पायजे, लुगड्यात पाय टाकता आला पायजे. बाकी रंग कसला का असंना."

"सांगतो," गोरोबा म्हणाले आणि ताटातली भाकरी मोडत राहिले.

सोमवारी महादेवीनं चारलाच डोंगर गाठला, पूजा उरकली, खाली येऊन ठेवणीतलं लुगडं नेसली आणि टेम्पोत बसली. वाटेत कोंडीराम आणि कृष्णराज मंदिराच्या कागदांचं बोलत होते. देवळाला तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळायचं घाटत होतं, त्यासाठी पुजाऱ्याचं नाव कळवायचं होतं. महादेवीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती मनात कॅन बांधायच्या दोऱ्या मोजत होती.

दुकान ऐसपैस होतं. अर्पिता नावाची तिशीच्या आतली मुलगी दुकान सांभाळत होती, बोटांना वंगण, कानामागं पेन. दारातच एक काळीकुळकुळीत गाडी उभी होती. जाडजूड चाकं, पुढंही धक्के झेलणारे शॉकअब, मागंही शॉकअब, आणि बसायची जागा महादेवीच्या बरगडीला लागेल एवढी उंच. ती गाडी बघताच कोंडीरामाचा पोरगा उत्कर्ष बाकीचं दुकान विसरला.

"आधी सांगा, चालवणार कोण?" अर्पितानं विचारलं. "उंची किती? या गाड्या मापानं घ्यायच्या असतात. माप चुकलं तर डोंगरात कंबरेचं कल्याण होतं."

महादेवीनं पदर सावरला. आता भावजी आपल्याकडं बघतील, असं तिला वाटलं.

कोंडीरामाची पापणीसुद्धा लवली नाही. "पाच फूट दहा," तो म्हणाला.

महादेवी चार फूट अकरा. गोरोबा पाच फूट तीन. कोंडीराम स्वतः त्याहून बोटभर जास्त. दोन्ही घरांत पाच फूट दहा एकच, आणि ते पाच फूट दहा या घडीला काळ्या गाडीवर बसून मोबाइलमध्ये स्वतःचं तोंड बघत होतं.

महादेवीला आधी वाटलं, चुकून बोलले असतील. माणूस चुकतो. ती कोंडीरामाकडं बघत राहिली, तो चूक सुधारेल म्हणून. त्यानं खिशातून तंबाखूची पुडी काढली.

"पप्पा, हीच," उत्कर्ष म्हणाला. "हिच्यावर व्हिडिओ लई भारी येत्यात."

"हिला कॅरिअर बसत नाही," अर्पितानं सांगितलं. "मागं शॉकअब आहे ना. सामान न्यायचं असेल तर ही नका घेऊ."

"कॅरिअर कुणाला पायजे? कॅरिअर लावल्यावर दूधवाल्याची सायकल दिसंल."

कृष्णराज जरा चुळबुळले. साठीचा माणूस, पांढरी टोपी, वाईट नव्हे, पण कुणाशी वाकडं घ्यायची हिंमत नसलेला. "पण कोंडीराम, पाणी न्यायचं असतंय की वर. त्येचं काय?"

"पाण्याचं काय एवढं," कोंडीराम तंबाखू मळत म्हणाला. "पाण्याला वैनी हायत्या की."

महादेवीच्या कानात घूं झालं. म्हणजे गाडी वर जाणार, गाडीवर उत्कर्ष जाणार, पुजारी म्हणून कागदावर उत्कर्ष जाणार, आणि त्याच्यामागून घागर घेऊन पायी ती जाणार. टेम्पोतलं सगळं बोलणं आता तिला पुन्हा ऐकू आलं, एकेक शब्द. तीर्थक्षेत्र. पुजाऱ्याचं नाव. तिनं शेजारच्या गाडीची सीट धरली आणि इतकी आवळली, की नखं आत रुतली.

"महादेवीबाई, जरा हिकडं या," कृष्णराज फोन काढत म्हणाले. "हँडलला हात लावून उभ्या ऱ्हावा. शेठला फोटो धाडायचाय."

म्हणजे ती आली होती ती फोटोपुरती. ठेवणीतलं लुगडं फोटोपुरतं.

ती जागची हलली नाही. अर्पिता मघापासून तिच्याकडं बघत होती. "मावशी, तुम्ही सांगा ना. तुम्हाला कुठली आवडली?"

"त्या बोलायच्या न्हायत," कोंडीराम मध्येच म्हणाला. "सोमवारचं मौन अस्तंय त्यांचं." मग कृष्णराजांकडं वळून, आवाज उतरवून, पण दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असा हसत, "म्हणून तर सोमवार गाठला."

कृष्णराज हसले नाहीत. त्यांनी खाली बघून चपलेचा अंगठा नीट केला.

हे मात्र महादेवीला पाच फूट दहापेक्षा जास्त लागलं. गोरोबा इस्पितळात होते, डॉक्टर म्हणत होते पाय राहील की नाही सांगता येत नाही, तेव्हा तिनं ते मौन धरलं होतं. तापात फणफणत असताना ते पाळलं. बहिणीच्या मुलीच्या लग्नात पाळलं, बहीण रुसली तरी पाळलं. चार वर्षांचे सगळे सोमवार. आणि या माणसानं त्याचा उपयोग कसा केला? दाराला कुलूप लावावं तसा. तिनं देवासाठी तोंड बंद केलं, आणि यानं त्यात आपली सोय बघितली. सणसणीत राग आला तिला. असा, की डोळ्यांत पाणी येईना, उलट डोळे कोरडे होऊन चुरचुरायला लागले.

भिंतीवर उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती. महादेवी तिकडं गेली. चपला काढल्या आणि पाठ लावून सरळ उभी राहिली.

अर्पिताला कुणी काही सांगावं लागलं नाही. तिनं डोक्यावर वही आडवी धरली. "चार फूट अकरा," तिनं मोठ्यानं वाचलं आणि आत जाऊन एक करडी गाडी ढकलत आणली. बुटकी, मधला दांडा उतरता, मागं कॅरिअरसाठी भोकं पाडलेली. "ही मावशींच्या मापाची. चढाला हीसुद्धा तेवढीच ताकद देते. फक्त पायडल मारत राहावं लागतं. जेवढं तुम्ही दाबाल तेवढं ती देणार."

महादेवीनं हँडल धरलं. दुसऱ्या बाजूनं कोंडीरामाचा पंजा हँडलवर पडला.

"हे कशाला आता, वैनी? त्या गाडीपाशी फोटो काढा आन बसा तिकडं पंख्याखाली." ती हँडल सोडेना, तेव्हा तो आणखी जवळ आला. त्याचं तोंड हसत होतं. "काय पायजे तुमाला? बोला. बोला की मग. सांगा काय पायजे त्ये."

मागं उत्कर्ष फिसकन हसला.

"हात काढा, भावजी."

आवाज घोगरा, सकाळपासून न वापरलेला. पण दुकानात असा पडला, की रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा मागं गेला. कोंडीरामानं चटका बसल्यासारखा हात काढला. मग त्याच्या लक्षात आलं काय झालं ते, आणि त्याचा चेहरा उजळला.

"मोडलं! ऐकलं का दादा? मौन मोडलं! तुमी साक्षीला हाव. देवाचं व्रत मोडणारी बाई, ही कसली पुजारी? उद्या गावाला काय सांगायचं?"

"मौन माझं हाय," महादेवी म्हणाली. "म्या धरलं, म्या मोडलं. त्याचं देवाला काय सांगायचं त्ये म्या सांगीन. तुमी मधी कोण? तुमची नऊ वर्षांची पाळी मोडली, तवा देवाला काय सांगितलाव? नऊ वर्षांत एक घागर वर न्हेलाव? शिवरात्रीला गॉगल लावून आलाव, पिंडीवर हात जोडून फोटो काढलाव. त्या पिंडीवर पाणी कुणाचं व्हतं? सांगा की. आता तुमी बोला. तुमाला तर कसलं मौन न्हाय."

"वैनी, आवाज खाली…"

"पंचवीस वर्षं खालीच हाय आवाज! तुमाला वाटलं हिला आवाजच न्हाय." आता तो खरोखरच चढला होता आणि तिला तो उतरवता येत नव्हता, उतरवायचाही नव्हता. "गाडीवर पोरगं जाईल आन पाणी वैनी न्हेतील? लाज न्हाय वाटली त्ये तोंडातून काढताना? घरी तुमच्या थोरल्या भावाला उठवून बसवती म्या, त्येंना न्हाऊ घालती, देवाला न्हाऊ घालती, आन माप कुणाचं? पाच फूट दहा!"

ती गर्रकन उत्कर्षाकडं वळली. तो काळ्या गाडीवरून हळूच खाली उतरला होता.

"तू सांग रं. तुझ्यावर माझा राग न्हाय अजून. उद्या पाचला उठतूस का?"

"पाचला? म्हंजी पहाटं?"

"पहाटं. रोज. पावसात, थंडीत, ताप आला तरी. उठतूस?"

उत्कर्षानं बापाकडं बघितलं. "पप्पा, तुमी तर म्हन्लाव, नुसतं नाव लावायचं हाय म्हणून."

"तू गप ऱ्हा!" कोंडीराम ओरडला.

दारात उभं असलेलं एक गिऱ्हाईक पोरगी गाडी बघायची सोडून हेच बघत होती. अर्पितानं कानामागचं पेन काढून हातात घेतलं आणि काही न करता धरून ठेवलं.

महादेवीनं कृष्णराजांकडं तोंड केलं. त्यांच्याशी बोलताना मात्र तिचा आवाज खाली आला, आणि म्हणून तो त्यांना जास्त लागला. "आन तुमी. वडलांसारखं मानती म्या तुमाला. सोमवार ठाऊक व्हता तुमाला?"

"व्हता, बाई."

"आन तरी टेम्पोत बसलाव."

कृष्णराजांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. कोंडीराम त्यांच्या कानाशी लागून सांगत होता, गावात काय तोंड दाखवायचं, बाईमाणूस, दर्जा मिळाल्यावर मोठमोठे लोक येणार. कृष्णराज ऐकत होते आणि महादेवीकडं बघत होते. शेवटी ते अर्पिताला म्हणाले, "ती करडी द्या. कॅरिअर लावून द्या, मजबूत."

"वॉरंटी कार्डावर नाव कुणाचं टाकू?"

"सिद्धेश्वर देवस्थान टाका," कोंडीराम घाईनं म्हणाला.

"महादेवी गोरोबा गुरव," महादेवी म्हणाली. "आन खाली ल्ह्या, पुजारी."

अर्पितानं कृष्णराजांकडं बघितलं.

"त्यांनी सांगितलं तसं ल्ह्या," कृष्णराज म्हणाले. "आन आमच्या कागदावर बी तसंच जाईल. म्या घालतो." मग त्यांनी भीत भीत फोन वर केला. "बाई, आता तरी शेठसाठी एक…"

"न्हाय."

फोन खिशात गेला.

परतीच्या वाटेवर कोंडीराम ड्रायव्हरशेजारी बसला आणि खिडकीबाहेर थुंकत राहिला. महादेवी मागं गाडीपाशी बसली, दोन्ही हातांनी तिला धरून. राग निवेल असं तिला वाटलं होतं. निवला नाही. उलट वाऱ्यानं निखारा फुलतो तसा तो फुलत होता. चार वर्षांत, नऊ वर्षांत, लग्न होऊन आल्यापासून जे जे गिळलं ते एकेक वर येत होतं, आणि त्यात सारखं एकच पुन्हा पुन्हा: "सांगतो." गोरोबांनी कोंडीरामाला सांगितलं होतं की नव्हतं? की पाच फूट दहाचा बेत आधीच ठाऊक असूनही ते भाकरी मोडत राहिले? घरी गेल्यावर ती विचारणार होती. आजच, आणि उत्तर मिळेपर्यंत.

टेम्पो वनखात्याच्या फाटकाशी थांबला तेव्हा दिवस डोंगराच्या कडेला टेकायला आला होता. गाडी उतरवली. तिनं हातपंपावर दोन्ही कॅन भरले, कॅरिअरवर ठेवले, दोरीनं आवळले. मदतीला कृष्णराज पुढं आले, तिनं त्यांना दोरीचं एक टोक धरू दिलं. कोंडीराम टेम्पोतूनच म्हणाला, "पडलाव तर आमाला बोलायचं न्हाय."

"पडले तर उठीन," ती म्हणाली. लुगड्याचा घोळ खोचला आणि पाय टाकला.

पहिले दोन-चार हात गाडी डगमगली. मग गुडघ्यांना जुनी ओळख पटली. मुरुमाचा रस्ता संपून दगड सुरू झाले, चढ अंगावर आला. तिनं दात आवळून पायडल दाबलं आणि गाडीनं खालून रेटा दिला. जेवढं तिनं दाबलं तेवढंच, कमी नाही, फुकटचं जास्त नाही. पाच फूट दहा. दाब. पाण्याला वैनी हायत्या. दाब. म्हणून तर सोमवार गाठला. दाब. खिंडीतल्या अडचणीच्या वळणावर ती उतरली, गाडी हातानं काढली, पुन्हा बसली. घामानं पाठ भिजली होती. कॅनमधलं पाणी मागं डचमळत होतं, सांडत नव्हतं. खाली फाटकापाशी टेम्पो केव्हाच गेला होता. कृष्णराज तेवढे एकटे उभे होते, वर बघत.

देवळापाशी तिनं कॅन सोडले. गाभाऱ्यात अंधारून आलं होतं. वात लागायची होती, म्हणजे अजून सोमवारच होता. पुढचा सोमवार कसा पाळायचा, पाळायचा की नाही, तिनं काही ठरवलं नव्हतं. तिनं पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला, आणि हात जोडायचे सोडून पिंडीसमोर बैठक मारून बसली. धाप अजून लागलेली होती.

"ऐकलाव का?" ती म्हणाली. गाभाऱ्यात तिचाच आवाज घुमून परत आला, आणि तो ऐकून ती दबली नाही. "आज लई बोलले. अजून संपलं न्हाय माझं."

मग तिनं काडी ओढली.